वीणा खाली ठेवली ती दुपार

मुलांनो, वारकरी गळ्यात अडकवून छातीशी धरतात, तसली एक जुनी वीणा मी. माझा भोपळा मिरजेकडे वाळला. तिथल्याच कारागिराने त्यावर दांडी बसवली, तारा ओढल्या, आणि मी डोंबिवलीला, मानपाड्याच्या एका लहानशा देवळात आले.

वर्षभर मी खुंटीवर असते. धूळ बसते, कोणी विचारत नाही. पण सप्ताह बसला की माझ्याएवढा मान कोणाचा नाही. सात दिवस नाम थांबत नाही आणि वीणा जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की तो मला दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, आणि मग दोघे एकमेकांच्या पाया पडतात. लहानमोठा बघायचा नसतो. बापाने मुलाच्या पाया पडलेलं मी पाहिलं आहे, मालकाने हमालाच्या. रंगलेल्या कीर्तनाइतकंच मला ते गोड वाटतं.

तानाजी देशावरून आलेले, इथे भाड्याच्या खोलीत राहायचे. रंगाच्या कारखान्यात त्यांची छाती खराब झाली, मग कारखान्यानेच घरी बसवलं. सप्ताहातला दुपारचा पहारा मात्र त्यांनी सोडला नव्हता. मुलगी योगिनी नको म्हणायची, तर सांगायचे, "अगं, माझी वाट बघतात अशी ही एवढीच जागा उरलीय."

यंदा त्यांच्यानंतरची पाळी भिवाशेठांची होती. देऊळ शेठांच्याच जागेवर उभं आहे. तानाजींनी मला गळ्यात घेतलं, तसे शेठ सगळ्यांसमोर बोलले, "यो खोकणारा भाडोत्री कोनी उभा केला रं? गावात मानसं संपली काय? पाडील वीणा."

दोघे-चौघे हसले. तानाजीही हसले. "खरंय शेठ, छातीचा भरवसा नाही. जपून धरतो."

पहारा संपला, पण शेठ आले नाहीत. मंडपाबाहेर खुर्चीत मोबाइल बघत बसून राहिले. वीणा घ्यायची म्हणजे भाडोत्र्याच्या पाया पडायचं, तेच त्यांना नको होतं. तानाजींच्या कपाळावरचा बुक्का घामाने नाकावर ओघळला. श्वास तुटू लागला.

"बाबा, टाळकऱ्यांतले विठ्ठलकाका वीणा घेतो म्हणतायत. द्या ना," योगिनी म्हणाली.

"नको. शेठांची पाळी दुसऱ्याने घेतली तर चारचौघांत त्यांची मान खाली जाईल."

"आणि मघाशी तुमची गेली ती?"

"म्हणून तर कळतंय, कसं वाटतं ते."

योगिनी बाहेर गेली. "काका, चला ना. बाबांना बरं नाही."

"मरतो काय तुझा बाप?" म्हणत शेठ उठले.

तानाजींनी मला त्यांच्या गळ्यात घातलं. मग वाकून त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं, आणि ते उठलेच नाहीत. टाळ चालूच होते. शेठांना आधी वाटलं, नमस्कार लांबलाय. मग त्यांनी तानाजींचा खांदा हलवून पाहिला. मला घ्यायला कोणी आहे का, म्हणून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, पण सगळे तानाजींकडे धावले होते. तेव्हा शेठांनी मला सतरंजीवर ठेवलं आणि तानाजींचं डोकं मांडीवर घेतलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी जमिनीला टेकले. लोक अजून म्हणतात, दोष लागला, सप्ताह मोडला. माझं म्हणाल तर मला आधीच खाली ठेवायला हवं होतं.

दवाखान्यापर्यंत रिक्षा पोचली, तानाजी पोचले नाहीत. त्यांचा नमस्कार झाला होता, शेठांचा राहिला. शेठ तो स्मशानात करून आले. पण पाया पडल्यावर समोरच्याने उठवून छातीशी धरायचं असतं, ते करायला तिथे कोणी नव्हतं.

मुलांनो, कोणी टोचून बोललं तर तानाजींसारखं मऊ बोलता आलं तर बोला. देवाला ते आवडतं. पण आपला श्वास कोंडेपर्यंत दुसऱ्याची मान जपू नका. आणि तुमच्या टोमण्यावर कोणी हसून उत्तर दिलं, तर त्याला लागलं नाही असं धरून चालू नका. तानाजींचं हसू साऱ्या मंडपाने पाहिलं. मी त्यांच्या छातीला टेकलेली होते. 'भाडोत्री' म्हटल्यावर आत काय झालं, ते मी ऐकलं आहे.