नुसती भर

घरातले घड्याळ बंद पडेपर्यंत त्याचे झाकण कोणी उघडत नाही. पीठ भरड पडू लागल्याशिवाय जात्याला टाकी लावून ते पुन्हा खडबडीत करण्याची आठवण होत नाही. चालते आहे तोवर चालू द्यावे, ही सवय तुमच्या-आमच्या सर्वांच्या घरची आहे. तिच्यापायी एका लहानशा मोटारीवर, आणि त्या मोटारीवर विसंबलेल्या एका मुलीवर कोणता प्रसंग ओढवला, ते येथे क्रमाने सांगतो.

सन १९३७ ची गोष्ट. भोरात डॉक्टर आनंदराव यांचा दवाखाना होता. दर आठवड्यास दोन वेळा ते वेल्ह्यास जाऊन रोगी तपासत. त्यासाठी त्यांनी चार माणसे बसतील अशी एक लहान मोटार घेतली होती. ती चालवण्यास वरवे बुद्रुकचा हैबती नावाचा तिशीतला गडी ठेवला होता. हैबतीस अक्षरओळख नव्हती. परंतु पुण्यातील एका मोटार-कारखान्यात त्याने तीन वर्षे यंत्राचे भाग धुण्यात घालवली होती, आणि कामातली रीत त्याच्या हाडीमासी खिळली होती.

श्रावणातल्या एका सकाळी हैबती परसदारी उभा राहून डॉक्टरांच्या मातोश्री अंबूबाई यांना म्हणाला, “आईसाहेब, येखादी फुटकी परात द्या की. आज गाडीचं तेल सांडायचंय.”

अंबूबाईंच्या हातातली फुलांची परडी तशीच राहिली. “काय म्हणालास? श्रावणातला शनिवार, आणि दारात तेल सांडतोस?”

“जुनं काढून नवं घालायचं, आईसाहेब. पाचशे मैल झाले.”

“चाळीस वर्षं देवापुढे नंदादीप तेवतोय आमच्या. त्यातलं तेल कधी कुणी सांडलं नाही. कमी झालं की भर घालायची!”

“दिव्यातलं तेल जळून जातं, आईसाहेब. गाडीतलं जळत न्हाई, ते राबतं. राबणाऱ्याचं अंग मळायचंच की.”

“जीभ फार चालते रे तुझी! गाडी तेवढी चालव.”

आवाज ऐकून आनंदराव अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. “हैबती, तेल मोजायच्या काठीवर खुणेपर्यंत तेल आहे ना?”

“हाय, साहेब. पर काळं पडलंय.”

“मग झालं. कमी होईल तेव्हा भर घाल. ओतून द्यायला ते काय धुण्याचं पाणी आहे?”

“तेच हाय, साहेब,” हैबती म्हणाला.

डॉक्टर हसले आणि आत गेले. विषय तेथेच मिटला. वास्तविक हैबतीचा एक शब्द चुकला होता. ‘बदलायचे’ म्हणण्याऐवजी तो कारखान्यातल्या बोलीप्रमाणे ‘सांडायचे’ म्हणाला, आणि त्या एका अशुभ शब्दाने त्याचे शहाणपण दाराबाहेर राहिले. पण दोष केवळ त्याचा नव्हता. शब्दाच्या पलीकडचा अर्थ विचारण्याची तसदी विद्वान मालकाने तरी कोठे घेतली?

नोकराने हुकूम पाळला. तेल कमी होई तसतशी तो भर घाली. मात्र प्रत्येक वीस मैलांमागे एक गाठ याप्रमाणे गाडीतल्या सुतळीला गाठी मारण्याचे काम त्याने सोडले नाही. डॉक्टरांनी ती सुतळी अनेकदा पाहिली होती. गाडीस दृष्ट लागू नये म्हणून ती बांधली असावी, असा त्यांचा समज होता!

मार्गशीर्षात एके दिवशी भल्या सकाळी पासलीचा शेतकरी चिमाजी धापा टाकत दवाखान्यात आला. त्याच्या आठ वर्षांच्या भामाचा घसा सुजला होता, श्वास घुसमटत होता. तिला डोलीतून वेल्ह्यापर्यंत आणून चावडीत निजवले होते. लक्षणे ऐकताच डॉक्टरांनी ओळखले की हा घटसर्प! त्यावरील विषनाशक लस पुण्याहून मागवावी लागे. त्यांनी तातडीची तार केली. दुपारच्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने लशीची पेटी कापूरहोळच्या फाट्यावर उतरली, तेव्हा ती घेण्यास डॉक्टर, चिमाजी आणि हैबती गाडीसह तेथे उभेच होते. पेटी मांडीवर घेऊन डॉक्टर म्हणाले, “हैबती, आता कोठेही थांबायचं नाही.”

नसरापूर मागे पडले. गाडी वेल्ह्याच्या कच्च्या रस्त्यास लागली. वेल्हे सात मैलांवर राहिले असता इंजिनातून हलकी खटखट ऐकू येऊ लागली. तेलाचा दाब दाखवणारा काटा शून्याकडे लवला. त्याच क्षणी हैबतीने गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद केले.

“हे काय करतोस?” डॉक्टर ओरडले.

“तेल फिरंना, साहेब. चिखल तेल गाळायच्या जाळीत बसलाय. आजून मैलभर रेटली तर इंजिन धरंल, पार अडकून बसंल.”

“मागे तेलाचा डबा आहे ना? घाल भर!”

“काठीवर बघा, साहेब. खुणेपातुर भरलंय. भर कुठं घालू?”

“मग तशीच चालव! मोडली तर मोडू दे. पोर मरेल तिकडे!”

हैबतीचा चेहरा उतरला, पण तो जागचा हलला नाही. “गाडी मोडल्याचं दुक न्हाई, साहेब. ती हितं मोडली तर अवशीद वेल्ह्याला पोचायचं न्हाई. पाऊण तास द्या. तेल काढतो, जाळी धुतो, डब्यातलं नवं घालतो.”

“पाऊण तास! तुला काही समजतं का रे?”

तोपर्यंत चिमाजी खाली उतरला होता. त्याची मुलगी तिकडे एकेका श्वासासाठी झगडत होती. खरे तर हैबतीचे बखोट धरण्याचा हक्क त्यालाच होता. त्याने तेलाची काठी हैबतीच्या हातून घेतली. काकवीसारखे दाट, काळे तेल त्याने अंगठा व तर्जनीत चोळले. बोटांना कचकच लागली.

“डाक्तरसाहेब,” तो हळूच म्हणाला, “हे कण्यातल्या जळक्या वंगणावानी लागतंय. आमी बैलगाडीचं चाक काडतो, तवा आदी जुनं वंगण चिंधीनं पुसून घेतो, मग नवं लावतो. जुन्यावर नवं थापलं की कणा झिजून जातो. ह्यो खरं बोलतुया. करू द्या त्याला.”

“अरे, पण तुझी पोर...”

“माझीच हाय, साहेब. म्हनूनच म्हनतो.”

गाडीखाली गोणपाट अंथरता अंथरता हैबती म्हणाला, “साहेब, रागावू नगा. जखमेवर नवी पट्टी बांधायच्या टायमाला तुमी जुनी सोडून टाकता न्हवं? का पुवाच्या पट्टीवरच दुसरी गुंडाळता?”

पंधरा वर्षांत किती जखमा आनंदरावांनी आपल्या हातांनी धुतल्या होत्या! जुनी पट्टी तशीच ठेवणाऱ्या किती आडमुठ्या माणसांना रागे भरले होते! आणि तेच ज्ञान स्वतःच्या दारातल्या यंत्रास लावण्याचे त्यांना सुचले नव्हते. त्यांनी मनाशी हिशेब मांडला. सात मैल पायी म्हणजे अडीच तास. गाडी दुरुस्त करून निघाले तर सारे मिळून सव्वा तास. त्यांनी लशीची पेटी झाडाच्या सावलीत ठेवली, कोट काढला आणि विचारले, “मी काय करू?”

“जाळी पेट्रोलात धुवा, साहेब. चिमाजीदादा, तुमी ह्या चिंध्या पिळून द्या.”

आणि ते तिघे कामाला लागले! गरम तेल खड्ड्यात पडू लागले, तशी त्याच्याबरोबर लोखंडाची बारीक चमकती पूडही उतरली. “हे बघा, साहेब. इंजिनाची हाडं झिजाया लागलीती,” हैबती म्हणाला. जाळी धुताना डॉक्टरांची नजर सुतळीवर गेली. “ही कशासाठी रे?”

“तुमाला म्हाईत न्हाई व्हय? वीस मैलाला येक गाठ. पंचवीस झाल्या की तेल बदलायचं.” त्याने बोटाने चाचपत सांगितले, “आज येकशे चौदा हाईत.”

ज्याला अक्षरओळख नाही असे ते म्हणत, त्याने त्यांच्या निष्काळजीपणाची नोंद रोज त्यांच्याच डोळ्यांसमोर ठेवली होती, आणि ती त्यांना वाचता आली नव्हती!

पाऊण तासाच्या आतच इंजिन सुरू झाले. काटा वर चढला. खटखट थोडी उरली, पण वाढली नाही. सूर्य डोंगरामागे जाण्यापूर्वी डॉक्टरांनी चावडीत भामास सुई टोचली. दुसऱ्या दिवशी श्वास मोकळा झाला. तिसऱ्या दिवशी तिने तांदळाची पेज मागितली, तेव्हा चिमाजीने आधी हैबतीचे हात धरले आणि मग डॉक्टरांचे पाय.

भोरात परतल्यावर आनंदरावांनी सारी हकीकत आईस सांगितली. अंबूबाईंनी हैबतीस बोलावले. “शनिवार सोडून कुठलाही वार धर. परात मी देईन. आणि हे बघ, सांडतो म्हणू नकोस. बदलतो म्हण.”

“व्हय, आईसाहेब. त्यो सबुद म्याच चुकलो.”

त्यानंतर पंचविसावी गाठ पडली की भोरच्या रस्त्याने जाणारे-येणारे लोक एक चमत्कारिक दृश्य पाहत. डॉक्टर स्वतः गोणपाटावर उताणे पडून गाडीचे तेल काढत आहेत, आणि हैबती शेजारी उकिडवा बसून सूचना देत आहे. एका वकिलाने कुंपणाबाहेरून थट्टा केली, “काय डॉक्टर, धंदा बदलला वाटतं?” डॉक्टर खालूनच म्हणाले, “शिकतो आहे. हैबतराव शिकवताहेत.”

त्याच आठवड्यात डॉक्टर दवाखान्याच्या पडवीत उभे असताना तेथला पाणी भरणारा गडी रांजण भरण्यास आला. रोगी तेच पाणी पीत. गड्याने नेहमीप्रमाणे वरून दोन घागरी ओतल्या. “थांब,” डॉक्टर म्हणाले. “हा शेवटचा रिकामा केव्हा केला होता?”

“रिकामा कशाला, साहेब? रोज भर घालतो की मी.”

डॉक्टरांनी हैबतीस हाक मारली आणि दोघांनी मिळून रांजण आडवा केला. वरचे पाणी नितळ होते. मग गढूळ आले. शेवटी तळातून दोन बोटे जाडीचा हिरवट गाळ भदकन पडवीवर पडला. बसलेले रोगी नाकाला पदर लावून उठले. स्वच्छतेवर गावोगाव व्याख्याने देणारे डॉक्टर त्या गाळाकडे पाहत राहिले. मग त्यांनी नारळाची शेंडी मागवली आणि बाह्या सारून रांजणात हात घातला.

बंधुभगिनींनो, भर घालणे म्हणजे निगा राखणे नव्हे! वरचे नितळ दिसते म्हणून तळ नितळ असतो, असे नाही. यंत्र असो, रांजण असो, की आपल्या समाजातल्या रूढी असोत, जुने काढून टाकण्याचा एक वार ठरवा आणि तो चुकवू नका. आणि तो वार आला आहे असे ज्याचे हात कामात मळतात तो माणूस सांगू लागला, तर त्याच्या शब्दाला हसू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, “मी काय करू?”