डावा कान सूर पितो म्हणे!

सभागृहात ऐंशी माणसं कानांवर हेडफोन चढवून, डोळे मिटून बसली होती. एका आजींच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. व्यासपीठावर लहरगुरू मधाळ आवाजात सांगत होते, "उजव्या कानात दोनशे कंपनं, डाव्या कानात दोनशे सहा! मेंदू वजाबाकी करतो आणि स्वतःच सहाच्या तालावर डोलू लागतो. साधकांचा जन्म जातो, तुमचं बारा मिनिटांत होतं!"

मग त्यांनी बाईंच्या हातात माइक दिला. बाई शाळेत सव्वीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवत होत्या.

"मी विज्ञानाची शिक्षिका आहे," बाई म्हणाल्या, "आणि मला अनुभव आला आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नवरा गेल्यापासून बाईंचं कुणी इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं.

पहिल्या रांगेत बाईंची धाकटी बहीण होती. ती घरी शिवणकाम करायची. ताईचा शब्द तिच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. तिला लहानपणापासून फिट यायच्या, पण गोळ्या चालू होत्या म्हणून सात वर्षांत एकही आली नव्हती. "गोळी म्हणजे मेंदूला कुलूप," असं लहरगुरूंनी सांगितल्यावर तिनं ताईला विचारलं, "बंद करू का गं?"

"करून बघ," ताईनं आपला हेडफोन तिच्या हातात ठेवला. "मी आहे ना."

नवव्या दिवशी बहीण चालू मशीनवरच कोसळली.

दवाखान्यात तिच्या कपाळाला टाके पडले, डावा हात प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या?"

"कुणी नाही. माझ्या मीच," बहीण भिंतीकडे बघत म्हणाली.

बाईंना तिथे उभं राहवेना. "मी सांगितलं," त्या म्हणाल्या. पण खोड जाईना. "तरी डॉक्टर, लहरींचा गुण येतो हो. मला स्वतःला आलाय."

डॉक्टरीणबाईंनी बहिणीच्या उशाशी ठेवलेला हेडफोन मागितला, फोनला जोडून कानांवर चढवला. "डावीकडे काहीच ऐकू येत नाही."

"ते पहिल्यापासूनच तसं आहे. मी गुरूंना विचारलं होतं. ते म्हणाले, तुमचा डावा मेंदू तहानलेला आहे, सूर पिऊन टाकतो."

"मग माझाही तहानलेला दिसतोय."

बहिणीनं उजवा हात पुढे केला. हेडफोन घेतला, डावी बाजू उजव्या कानावर येईल असा उलटा चढवला आणि क्षणभर ऐकलं.

"ताई, आता उजवा पितोय गं."

ती हसली. तिला टोचायचं नव्हतं. म्हणूनच ते बाईंच्या काळजात जास्त रुतलं.

हेडफोनची एका बाजूची वायर आतून तुटलेली होती. दुसरा सूर कानात गेलाच नाही, तर वजाबाकी कशातून कशाची? हेच बाई दोन नादकाटे घेऊन दरवर्षी वर्गात दाखवत आल्या होत्या. एकच काटा वाजवून कुणी दोघांचा परिणाम सांगितला असता, तर त्यांनी त्याला शून्य मार्क दिले असते. तीन महिने त्या नुसती एकसुरी गुणगुण ऐकत होत्या आणि त्या जोरावर साक्ष देत होत्या. शरमेनं त्यांचे कान तापले.

पुढच्या रविवारी सभागृहात त्यांनी माइक मागून घेतला आणि सगळं सांगितलं. गोळ्या, वायर, काही लपवलं नाही.

लहरगुरू गोड हसले. "शंका ही फार खालची लहर असते."

"असू दे. ती वेळेवर आली असती, तर माझ्या बहिणीचा हात मोडला नसता."

एक बसचालक उठला. "पण बाई, मला खरंच शांत वाटतं."

"मलाही वाटायचं. बारा मिनिटं डोळे मिटून बसलो, कुणी हाक मारली नाही, की शांत वाटणारच. त्याला लहरी कशाला लागतात? या सुरांवर अभ्यास झालेत. काहींत थोडा फरक दिसला, काहींत काहीच नाही. औषधाची जागा हे सूर घेतात, असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. मी विज्ञान शिकवते म्हणून माझं खरं मानू नका, मीच चुकले होते. स्वतः तपासा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका."

बसचालक खाली बसेना. खुर्चीची पाठ घट्ट धरून तो हळूच म्हणाला, "बाई, तुमचं ऐकून मी मधुमेहाची गोळी सोडलीय. दोन महिने झाले."

माइक तिथेच ठेवून बाई पायऱ्या उतरल्या, रांगांमधून वाट काढत त्याच्यापाशी गेल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "आत्ताच दवाखान्यात जाऊ. मी येते बरोबर."