नऊ किलोचं दिव्यज्ञान

गुरुवारी सकाळी दहालाच सायबर कॅफेच्या पायऱ्यांवर चपलांचा ढीग झाला होता. बारामतीत असली दुकानं निघून वर्षही झालं नव्हतं, तोवर आरतीला सुरुवात झाली होती. दोन नंबरच्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार, मॉनिटरच्या कपाळाला कुंकू, माउसवर अक्षता. शेजारच्या खुर्चीत जोतीराम महाराज. हे महाराज चार वर्षांपूर्वीपर्यंत बावडा गावात टीव्हीचे अँटेना बसवत. आता ते थेट वरचे संदेश पकडत होते.

"हे यंत्र विजेवर चालत नाही," महाराज डोळे मिटून सांगत होते, "श्रद्धेवर चालतं."

वीज गेली की ही श्रद्धा यूपीएसवर दहा मिनिटं टिकायची. मग महाराज चहाला जायचे.

रीत सोपी होती. बाळाचं फक्त नाव सांगायचं. कॅफेचा मालक विजयसिंह, म्हणजे महाराजांचा भाचा, ते टाइप करायचा. स्पीकरमधून घंटा वाजायची आणि पडद्यावर बाळाची जन्मतारीख, वजन, दुखणं असं सगळं उमटायचं. आमच्या पुढं सरुबाई होत्या. त्यांच्या नातवाचा कान फुटतो हे यंत्रानं सांगितलं, तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"आगं बया, कान बी ठाव हाय त्याला."

"डावा का उजवा, ते न्हाय सांगितलं," मागून कुणीतरी म्हणालं. त्याला गप्प करण्यात आलं.

मग आमची पाळी. माझ्या सासूबाई द्वारकाबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, शेळगावहून खास याच्यासाठी आल्या होत्या. कारण होती माझी दहा महिन्यांची संस्कृती. तिच्या अंगात रक्त कमी होतं. डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले होते, आणि त्या थेंबांनी तिची शी काळी व्हायची. असं होतंच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आत्यांचं मत वेगळं होतं. "लेकराला आतून जाळतंय ते औषध. काळं उगंच पडतंय व्हय?"

विजयसिंहनं नाव टाइप केलं. घंटा वाजली. जन्म दोन फेब्रुवारी. वजन नऊ किलो. झोपेत दचकते.

माझ्या अंगावर काटा आला. मी रसायनशास्त्राची पदवीधर, पहिला वर्ग. घरात दोन थर्मामीटर ठेवणारी बाई, कारण एकट्या पहिल्यावर माझा विश्वास नाही. आणि मी त्या कुंकू लावलेल्या डब्याला हात जोडले.

महाराजांनी राखाडी पूड पुढं केली. "नऊ किलोच्या लेकराला नऊ चिमटी. उद्या सूर्योदयाला सुरुवात. डॉक्टरचं औषध आजपासून बंद. दोन शक्ती एका पोटात भांडतात."

आत्यांनी पुडी कमरेच्या पिशवीत खोचली.

घरी जाताना रिक्षात मला आठवलं, की संस्कृती नऊ किलोची नाहीच. सोमवारीच दवाखान्यात ती साडेसात भरली होती. माझं पदवीधर डोकं काय म्हणालं असेल? ते म्हणालं, दवाखान्याचा काटा बिघडला असेल. घराजवळ किराणा दुकान होतं. मी आत्यांना पुढं पाठवलं, बाळाला तागडीत बसवलं आणि दुकानदाराला वजनं टाकायला लावली. साडेसात. संस्कृतीनं शेजारच्या पोत्यातली मूठभर तूरडाळ उधळली.

आणि तिथं, डाळ वेचता वेचता, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नऊ किलो हे वजन जगात फक्त एका माणसानं सांगितलं होतं. मी.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच कॅफेवर पाटी होती, 'मुलांच्या वाढीचा तक्ता मोफत'. मी एकटीच गेले होते. विजयसिंह दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसून माहिती विचारत होता आणि शेजारी दोन गुटगुटीत बाळांच्या आया बसल्या होत्या. त्यांच्यादेखत साडेसात म्हणायला जीभ उचलेना. एका फुकटच्या तक्त्यातही मला नापास व्हायचं नव्हतं. मी नऊ म्हणाले. छापलेला कागद घरी आणून साड्यांखाली लपवला आणि समजले, की गोष्ट संपली. कागद आपण आणला, म्हणजे मागं काय उरणार?

महाराजांना आकाशातून जे कळलं होतं, ते माझंच खोटं होतं.

आत्या दुपारी लवंडल्या, तशी मी बाळाला काखोटीला मारून प्रतिक्षाकडं गेले. ती माझी कॉलेजची मैत्रीण, आता कॉम्प्युटरचा क्लास घेते. तिनं सगळं ऐकलं आणि हसली.

"कुकी."

"मला चहासुद्धा नको," मी म्हणाले.

"बिस्किट नव्हे गं बाई. आपण ज्या कॉम्प्युटरवर बसतो, त्याच्यावर वेबसाईट ठेवते ती चिठ्ठी. सरकारी दवाखान्यातला केसपेपर कसा असतो? लिहितो डॉक्टर, पण राहतो पेशंटकडं. पुढच्या खेपेला आपणच तो पुढं करतो आणि डॉक्टर वाचून म्हणतो, काय, खोकला गेला का? तसंच. तक्त्याचं पान आणि महाराजांचं पान एकाच वेबसाईटचं असणार. जिनं चिठ्ठी ठेवली तिलाच ती परत मिळते."

"मग ही कुकी वाईटच."

"केसपेपर वाईट असतो का? तू पुन्हा आलीस हे वेबसाईटला त्यानंच कळतं. पण त्या चिठ्ठीत काय लिहिलंय आणि ती ठेवू द्यायची का, हे बघायला शिकायचं."

"हे आत्यांना सांग ना."

"मी सांगून काय होणार? वजन खरं निघालं असंच त्या म्हणतील. ते खोटं आहे हे फक्त तू सांगू शकतेस."

हे मला माहीत होतं. दोन महिने मी आत्यांना सांगत आले होते, की पोरगी नऊला टेकलीय.

संध्याकाळी मी आत्यांना म्हणाले, पूड दुधातून द्यायची की पाण्यातून, एकदा विचारून येऊ. त्या लगेच निघाल्या. कॅफेत पंधरा-वीस बायाबापड्या होत्या. प्रतिक्षा आधीच येऊन बसली होती.

"महाराज," ती म्हणाली, "संस्कृतीचं नाव तीन नंबरच्या मशीनवर टाकता?"

"त्याची प्राणप्रतिष्ठा झालेली नाही."

"त्याला काय हुतंय, आमी करतो की," सरुबाई म्हणाल्या आणि दोन नंबरचा हार काढून त्यांनी तिसऱ्याला घातला. विजयसिंहनं नाव टाइप केलं. पडद्यावर आलं, असं बाळ सापडलं नाही.

"श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले. "सकाळी नऊ किलो सांगितलं ते खोटं होतं का? विचारा या माउलीला."

सगळे माझ्याकडं बघू लागले. आत्याही. संस्कृती माझं मंगळसूत्र चघळत होती.

"खोटं होतं," मी म्हणाले. "आणि ते मी सांगितलं होतं. तक्त्याच्या वेळी, त्या दोन नंबरच्या मशीनवर. पोरगी साडेसात किलोची आहे, आत्या."

आत्यांनी कमरेच्या पिशवीवर हात ठेवला. मला जमीन हवी होती, फाटलेली.

प्रतिक्षानं वेळ घालवला नाही. दोन नंबरवरचा ब्राउझर तिनं बंद केला, कुकीजची फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीत कॅफेच्या वेबसाईटचं नाव, पुढं संस्कृती, पुढं नऊ. खालच्या ओळीत सरुबाईंचा नातू, आठ किलो, कान.

"हे समदं आमीच सांगितलं हुतं की," सरुबाई सावकाश म्हणाल्या. "ह्या विजयसिंगालाच."

प्रतिक्षानं त्या ओळी पुसल्या, ब्राउझर पुन्हा सुरू केला आणि दोन्ही नावं टाकली. घंटा वाजली नाही. मग तिनं ब्राउझरच्या प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, जाऊन एक खूण केली. कुकी ठेवण्याआधी मला विचार, अशी. तक्त्याचं पान उघडून तिनं खोटंच एक नाव भरलं, तसा पडद्यावर चौकोन आला. ही वेबसाईट चिठ्ठी ठेवू पाहतेय, ठेवू का?

"न्हाय म्हण," आत्या म्हणाल्या. त्या संध्याकाळचं त्यांचं पहिलं वाक्य.

महाराज चहाला गेले होते. वीज होती तरी.

रस्त्यानं आत्या गटाराशी थांबल्या, पुडी उलटी केली आणि कागदही झटकला. म्हणाल्या, "नऊ चिमटी घालणार हुते मी. साडेसात किलोच्या जीवाला. माझ्याशी खोटं कशापायी बोललीस?"

"तुम्ही म्हणाल, आईला पोर पोसता येत नाही."

"म्हणलं असतं," त्या म्हणाल्या. "पण खरं वजन कळल्यावर औषधबी वेळेवर दिलं असतं."

म्हणून हे लिहिते आहे. मशीनला तुमच्याबद्दल जे ठाऊक असतं, ते कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं, बहुतेकदा आपणच. परक्या कॉम्प्युटरवर लेकराची माहिती भरू नका. भरलीच, तर उठण्याआधी कुकीज पुसा आणि त्या कशा पुसायच्या हे मालकाला विचारायला लाजू नका. आणि एखादा बाबा तुमचं सगळं ओळखू लागला, तर त्याच्या पाया पडण्याआधी एवढंच आठवून बघा, की हे आपण कुणाला सांगितलं होतं.

त्या रात्री आत्यांनी संस्कृतीची हनुवटी धरली आणि मी लोहाचे थेंब मोजले. दहा. आत्यांनीही मोजले, मोठ्यानं. माझ्यावर त्यांचा विश्वास अजून बसायचा आहे, आणि ते बरोबरच आहे.