वाटी बरळते म्हणे!

मी एक जुनी वाटी आहे, मित्रांनो. खायची-प्यायची नव्हे हं, वीज अंगात आलेला गॅस मोजायची! आम्ही जुळ्या बहिणी. धाकटी यानावर बसून एका अगडबंब ग्रहाच्या चंद्रापाशी गेली. तिला काही झालं तर ताडून बघायला मी प्रयोगशाळेत राहिले. सुरुवातीला मला हातमोजे घालून उचलायचे. पुढे पुढे माझ्यात बिस्किटं ठेवायला लागले. पण कान शाबूत होते ना माझे!

तिथले ज्वालामुखी ढेकर देतात, त्या गॅसमध्ये वीज भरते आणि तो ग्रहाबरोबर गरगर फिरतो. धाकटी आज कळवायची, "इतका दाट की नाक चोंदलं!" उद्या म्हणायची, "चिटपाखरू नाही." तिला तिखटमीठ लावून सांगायची खोड आहे खरी, पण आकड्यात खोट नाही.

ते आकडे बघायला होते नवरा-बायको. ती सकाळच्या पाळीला, तो दुपारच्या. भेट फक्त दारात, तीही भांडायला. आकडे चढले की बायको इथूनच धाकटीची आकडे वर-खाली करणारी कळ कमी करायची, उतरले की तो वाढवायचा.

"परत कान पिळलास ना तिचा?" तो विचारायचा.

"तूच सैल सोडला होतास!"

शेवटी यानाची वीज सांभाळणारे काका आले. "वीज पुरत नाहीये. ही वाटी रोज वेगळंच बरळते. उद्या बंद करतो." त्या थंडीत एकदा वीज तोडली की धाकटी परत उठायची नाही.

त्या दिवशी पाळी संपली तरी बायको घरी गेली नाही. नवरा आला. आकडे चढलेले बघून तिने फर्मावलं,

"कमी कर ती कळ."

"मी का? तूच कर."

"मी हात लावणार नाही."

"मग मीही नाही. बघू कोण आधी लावतं!"

दोघं हाताची घडी घालून, गाल फुगवून बसले. बिस्किटं संपली, तिन्हीसांज झाली, कोणी हलेना. आणि पडद्यावरची रेघ चढली, उतरली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली. पहिल्यांदाच धाकटीला कुणी मध्ये न टोकता बोलू दिलं होतं!

"अगं, हे तर ग्रहाच्या गिरकीच्या तालावर चाललंय!"

"त्याचं चुंबक तिरकं आहे ना! म्हणून त्याने धरलेली गॅसची चकती डोलतेय. कधी चंद्रावरून जाते, कधी बाजूने."

"म्हणजे वाटी शहाणी. वेडे आपण."

"आपण नाही, तू."

काकांनी रेघ पाहिली, डोकं खाजवलं आणि वाटीऐवजी रिकामा बसलेला एक कॅमेरा बंद केला.

म्हणून सांगते मित्रांनो, म्हातारं माणूस आज एक आणि उद्या दुसरं बोललं, तर लगेच त्याचा कान पिळू नका. गिरकी पूर्ण होऊ द्या. आणि माझ्यात बिस्किटं ठेवा खुशाल, पण चुरा तरी झटकत जा. धाकटीला कळलं, तर ती त्याचाही ज्वालामुखी करून सांगेल!