केसरबाईंनी पंपात ठेवलेलं औषध

ओळखलंत का मला, मित्रांनो? तलवाड्याच्या सोसायटीचा, पाठीवर बसून फिरणारा फवारणी पंप मी. नवा होतो तेव्हा नारळ फोडून, हळदीकुंकू लावून मला आत घेतलं होतं. आता टाकीचा पिवळा रंग उडालाय, पट्ट्याच्या जागी सुतळी आलीय आणि गावात मला 'खुळखुळा' म्हणतात. म्हणू देत बापडे! अडलं की माझ्याकडेच येतात.

सोसायटीत चालू पंप मी एकटा, आणि घरं ढीगभर. म्हणून मी या घरून त्या घरी जातो. वापरून झाला की तीन पाण्यांनी धुवायचा, असा नियम. पण जिथं टँकरच्या हंड्यासाठी झिंज्या धरतात, तिथं मला आंघोळ कोण घालणार?

त्या साली पावसानं तोंडच दाखवलं नाही. दसरा झाला आणि गावातले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी माणसं, कारखान्यांकडं गेली. वत्सलाबाईंचा नवरा आश्रुबाही गेला. मागं राहिल्या वत्सलाबाई आणि गोठ्यातली गाभण म्हैस. विहिरीच्या तळाशी होतं तेवढ्या पाण्यावर त्यांनी म्हशीपुरता चाऱ्याचा मका केला. मका वीतभर झाला न् झाला, तोच तणानं डोकं वर काढलं. मित्रांनो, मक्याचं लहानपण फार नाजूक असतं. तेव्हा तण शिरजोर झालं, तर पुढं कितीही राबा, मका हाती लागत नाही. खुरपायला गावात माणूस नव्हतं. मका गेला की म्हैस माजलगावच्या बाजारात, हे वत्सलाबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तण मारून मका राखणारं औषध आणलं आणि मला न्यायला शेजारच्या केसरबाईंकडं आल्या.

केसरबाई मनानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या. आदल्या दिवशी त्यांनी बांधावरची हराळी मारली होती. ते औषध निराळं, हिरवं दिसेल ते जाळणारं. उरलेलं त्यांनी माझ्या पोटात तसंच ठेवलं होतं.

"रिकामं भांडं माघारी देऊ न्हाई, बाई," केसरबाई म्हणाल्या. "तणाचं औषध हाय आत. तुला व्हईल."

"तणाचंच ना? मंग लई बरं झालं, मावशी," म्हणत वत्सलाबाईंनी मला पाठीवर घेतलं.

अहो, बरं कसलं! पालथा घाला मला, असं मी जीव तोडून ओरडत होतो. ऐकणार कोण? त्यांनी आपलं औषध वर ओतलं, घरचं होतं नव्हतं ते पाणी ओतलं आणि दांडा हलवायला लागल्या. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. कोवळी पानं भिजत होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता. एरवी घडीघडी तुंबणारं माझं नोझल, मेलं, त्या दिवशी कसं साफ चाललं होतं!

चौथी ओळ संपत आली, तेवढ्यात केसरबाई शेळ्या घेऊन बांधावर आल्या आणि थबकल्याच.

"आगं ए वत्सला! मक्यावर कामून मारायलीस? ते बांधाचं औषध हाय! मला वाटलं, तूबी हराळीच मारणार!"

वत्सलाबाई मटकन खाली बसल्या. "मावशी, म्हस गेली माजी."

"बसू नगंस! वाळायच्या आत पानं धू!"

"कशानं धू? हिरीत नुसता चिखल हाय."

केसरबाई घराकडं पळाल्या. सकाळीच टँकरवर भरलेले प्यायच्या पाण्याचे दोन हंडे डोक्यावर घेऊन धापा टाकत आल्या. "घे. आमी राहू आजच्या दिस तान्हेले."

अजून ओल्या असलेल्या चौथ्या ओळीपासून मागं येत दोघींनी तांब्यातांब्यानं पान न् पान धुतलं. वर ऊन पानं वाळवायला टपलेलं. तिसरी ओळ धुऊन झाली आणि हंड्यांचा तळ लागला. पहिल्या दोन ओळी तशाच राहिल्या. मित्रांनो, तेव्हा मला स्वतःचीच किळस आली.

पुढचा टँकर आल्यावर मला धुतलं, चांगलं तीन पाण्यांनी, आणि राहिलेला मका बाटलीत उरलेल्या त्याच्याच औषधानं फवारला. पुढचे दिवस वत्सलाबाई उठल्या की आधी शेतात जायच्या. पहिल्या दोन ओळी पिवळ्या पडून जळाल्या. धुतलेल्यांनी माना टाकल्या, पण एका सकाळी त्यांच्या पोटातून नवं पान वर आलं. वत्सलाबाई ते पान धरून रडल्या.

चारा कमीच पडला. पण रोज संध्याकाळी केसरबाई कडब्याच्या पेंढ्या म्हशीपुढं टाकायला लागल्या.

"आन् तुमच्या शेळ्या, मावशी?"

"त्या बोरी-बाभळी खात्यात. दोन ओळी म्या जाळल्या, त्या म्याच भरणार. गप बस!"

म्हैस बाजारात गेली नाही. माघात व्याली, तेव्हा पहिला खरवस केसरबाईंच्या घरी गेला.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मला पाठीवर घ्याल तेव्हा आधी विचारा, काल याच्यात काय होतं? मला सांगता येत नाही हो. तुम्हाला तर विचारता येतं.