मावशीने तिसरीकडे वळवलेली गाडी

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. लोकांना वाटतं या धंद्यात फार धीर लागतो. धीरबीर काही नाही, ब्रेक लागतो. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. माझा ब्रेक मावशी शिकायला आल्यापासून दोनदा बदलावा लागला.

मावशी म्हणजे माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण. बाई हुशार आहे. बंद पडलेला मिक्सर उघडून चालू करते, शेजाऱ्यांची भांडणं मिटवते, क्वचित लावूनही देते. फक्त तिला डावं-उजवं कळत नाही. म्हणजे अधूनमधून गोंधळ होतो असं नाही, त्यात सातत्य आहे. डावीकडे म्हटलं की उजवीकडे जाते, हमखास. म्हणून मी एकदा युक्ती केली आणि उलटं सांगायला लागलो. पहिला चौक बरा गेला. मग ती म्हणाली, "मास्तर, तू मला उलटं सांगतोयस का?" मला नाही म्हणवेना. त्यानंतर ती आधी माझं उलटं सुलट करायची आणि मग त्यात आपलं उलटं घालायची. आम्ही एका लाँड्रीच्या पायरीवर चढलो.

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, आता नीट दिसत नाही. डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची मनाई केलीय. गाडी अंगणात नुसती उभी होती. काकांचं म्हणणं, विकून टाकू. मावशीचं म्हणणं, मी चालवीन. ती दोनदा परीक्षेत नापास झाल्यावर काकांनी निकाल दिला: या खेपेला पास झालीस तर गाडी राहील, नाहीतर रविवारी गिऱ्हाईक येऊन घेऊन जाईल.

"तुला गाडी हवीच कशाला?" मी एकदा विचारलं. "मी सोडतो की, जायचं तिथे."

"हेच ते," मावशी म्हणाली. "तू सोडतोस, दीर सोडतात, शेजारचा सोडतो. सख्ख्या बहिणीकडे जायचं तरी आधी चार जणांना विचारायचं. आणि चौघंही विचारणार, कशाला जातेस. मला एकदा कुणाला न विचारता जायचंय. कुठेही. साबण आणायला का असेना."

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही मैदानावर गेलो. तिथे दोन रिकामे ड्रम ठेवलेत, त्यांच्या मधे गाडी मागे घेऊन लावायची. मी म्हटलं, डावीकडे. मावशी एका ड्रमला लागली. मी म्हटलं, उजवीकडे. दुसऱ्या ड्रमला लागली. माझा पाय जादा ब्रेकवरच होता, पण दुखायला लागला होता.

"मावशी, हेही नाही आणि तेही नाही."

"मग तिसरीकडे वळवते," ती वैतागून म्हणाली आणि तिने वळवलं.

स्टिअरिंग कुठे वळलं ते मला सांगता येत नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, वर नाही की खाली नाही. वळलं एवढं नक्की. आणि बंद असलेलं सगळं उघडं दिसायला लागलं. झाकण घट्ट लावलेल्या ड्रममध्ये कुणाचा तरी चेंडू पडला होता, तो दिसला. मी ज्याच्यावर बसलो होतो त्या माझ्या पाकिटाच्या अस्तरात बसचा पास दिसला. तो मी वर्षभर शोधत होतो. मावशीच्या मिटलेल्या पर्समध्येही मला सगळं दिसत होतं.

"मावशी, डॉक्टरांनी चॉकलेट बंद केलंय ना तुला?"

"तू समोर बघ."

"समोर कुठेय?"

तेवढ्यात गाडीला हलकासा गचका बसला आणि आम्ही मैदानावर परत आलो. दोन्ही ड्रमांच्या बरोबर मधोमध. इतकी सुरेख लावलेली गाडी मी माझ्या नोकरीत पाहिलेली नाही. गाडीत सगळं जागच्या जागी होतं, पण बाहेर आमच्या स्कूलची पाटी आरशात दिसावी तशी उलटी होती आणि रस्त्यावरची वाहनं भलत्या बाजूने चालली होती.

"बघ," मावशी म्हणाली, "जगच उलटं आहे. उगाच माझ्या नावाने ओरडत होतास."

मी तिला पुन्हा तसंच तिसरीकडे वळवायला लावलं. पाटी सुलटी झाली. मी उतरून थोडा वेळ जमिनीवर बसलो.

संध्याकाळी हे सगळं काकांना सांगितलं. काका निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत, त्यांना काहीही सांगितलं की ते समजावूनच देतात. त्यांनी वर्तमानपत्रातून हाताच्या पंजाचा आकार कापला आणि टेबलावर ठेवला.

"हा डावा हात. टेबलावर कितीही सरकवा, गरागरा फिरवा, डावा तो डावाच. टेबलावरच्या मुंगीला विचारलंत तर ती म्हणेल, याचा उजवा होणं शक्यच नाही. आता बघा." त्यांनी पंजा उचलून पालथा टाकला. उजवा हात झाला. "मुंगीला 'वर' ही दिशाच ठाऊक नाही. तशी आपल्याला ठाऊक नसलेली आणखी एखादी दिशा असूही शकते. गणिताची काही हरकत नाही. फक्त, असलीच तर ती गुंडाळी होऊन बसलेली असणार. अणूहूनही बारीक. म्हणून कुणाला दिसत नाही."

"एवढी बारीक असती तर गाडी मावली असती का?" मावशीने विचारलं.

"अगं, तुला डावं-उजवं सापडत नाही, तुला चौथी मिती सापडणार?"

"डावं-उजवं सापडत नाही म्हणूनच. ज्यांना सापडतं ते तिथेच थांबतात."

मावशी त्या कागदी पंजाकडे बघत राहिली.

"म्हणजे तिथून एकदा फिरून आलं की डाव्याचं उजवं होतं?"

"तशी दिशा असती तर झालं असतं."

"कायमचं?"

"पुन्हा फिरेपर्यंत."

विद्यार्थी चुकीच्या पेडलवर पाय ठेवणार असला की मला आधी कळतं. त्या क्षणी कळलं होतं. पण जेवणाच्या टेबलाखाली जादा ब्रेक नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीला न्यायला गेलो तर ती अंगणात काकांच्या गाडीत बसली होती, इंजिन चालू. काका पायरीवर उभे होते.

"तू बसू नकोस," ती मला म्हणाली. "दोघं गेलो की दोघंही उलटे होतो, मग आपलं भांडण तिथल्या तिथेच राहतं. मी एकटी जाऊन येते."

गाडी होती. मग नव्हती. मग होती. पण आता स्टिअरिंग या बाजूचं त्या बाजूला गेलं होतं आणि नंबर प्लेट आरशातली. मावशी उतरली. तिच्या डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर आला होता, घड्याळही दुसऱ्या मनगटावर गेलं होतं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "मला गाडी मधेच दिसेनाशी झाली."

"मलाही," मी म्हणालो.

"मग तूही डोळे तपासून घे. माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही हे मला डॉक्टरांनीच सांगितलंय."

परीक्षा आमच्या स्कूलच्याच गाडीवर होती, सुलट्या. परीक्षक हा पूर्ण वाक्य वाया न घालवणारा माणूस. त्याने अर्जावरचा फोटो पाहिला, मावशीकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"तीळ," तो म्हणाला.

"फोटोवाल्याने उलटा छापला, साहेब."

त्याने एक उसासा टाकला. फोटोवाल्यांविषयी त्याचं आधीच वाईट मत असावं. तो गाडीत बसला आणि मी मैदानाच्या कडेला उभा राहिलो. त्याचे ओठ हलले: डावीकडे. गाडी डावीकडे गेली. मी माझे दोन्ही हात वर करून खात्री केली, खरंच डावीकडेच गेली होती. उजवीकडे म्हटल्यावर उजवीकडे. थांबा म्हटल्यावर थांबली, आणि इतके दिवस ती थांबा म्हटल्यावर वेग वाढवायची. मग ड्रम आले. गाडी मागे घेता घेता मावशी मधेच थांबली आणि स्टिअरिंगकडे बघत बसली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, मावशी, आजच्या दिवस दोनच दिशा. दोनच.

गाडी ड्रमांच्या मधे लागली. थोडी तिरकी, पण संपूर्ण इथेच.

"पास," परीक्षक म्हणाला.

"सगळं उलटं दिसत होतं," परतताना मावशीने सांगितलं. "पाट्यासुद्धा."

"मग कशी चालवलीस?"

"मी कधी वाचते पाट्या?"

"आता एकदा फिरून सुलटी हो बरं."

"बघू. चहाला भलतीच चव लागतेय, तेवढं एक आहे."

काकांनी शब्द पाळला. गिऱ्हाईकाला फोन करून सांगितलं की गाडीत थोडा बदल झालाय, आता विकायची नाही. पण फोन ठेवल्यावर हाताची घडी घालून बसले. "चालव तू खुशाल. मी मात्र येणार नाही. या गाडीत मी आजवर बाजूच्या सीटवर बसलेलो नाही."

"नका येऊ," मावशी म्हणाली आणि किल्ली घेऊन निघाली. मी मागच्या सीटवर बसलो.

"नंबर उलटा आहे, पोलीस थांबवतील," मी म्हणालो.

"वाचता आला तर थांबवतील ना."

तेवढ्यात काका आले. मान खाली घालून, कुणाकडे न बघता, इतकी वर्षं उघडत आले तेच दार त्यांनी सवयीने उघडलं आणि आपल्या नेहमीच्या जागी बसले. तीच बाजू, तीच खिडकी. कोपर बाहेर. त्यांचे हात समोर गेले, तिथे काही नव्हतं. ते हात त्यांनी हळूच गुडघ्यांवर ठेवले. स्टिअरिंग पलीकडे मावशीकडे होतं.

गाडी फाटकातून बाहेर आली.

"डावीकडे घे," काका म्हणाले.

गाडी डावीकडे वळली. काका पुढचं बोलायला तोंड उघडून बसले होते, ते तसंच राहिलं. बऱ्याच वेळाने त्यांना आठवलं. "इंडिकेटर?"

"दिलाय."

आणखी दोन गल्ल्या गेल्या. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग मावशीकडे. "पण आपण चाललोय कुठे?"

"विचारायचं नाही," मावशी म्हणाली.