डोमाजींचा हात आणि माझा दट्ट्या

मित्रांनो, मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. अंगावरचे आकडे पुसट झाले, पण संशयी स्वभाव काही गेला नाही. मी आणि माझा दट्ट्या एकमेकांना घासून बसवलेले, दोघांवर एकच नंबर कोरलेला. दुसऱ्या कुणाचा दट्ट्या माझ्यात घातलात तर तो अडकेल नाही तर गळेल. म्हणून मला उकळायला नेणाऱ्या प्रत्येक हाताकडे मी आधी वाकड्या नजरेनेच बघते.

यवतमाळच्या एका दवाखान्यात मी भूल देणाऱ्या डॉक्टर रजनी यांच्याकडे होते. पोट उघडून मोठं ऑपरेशन झालं की माणूस दुखण्याच्या भीतीने श्वास चोरतो, खोकला गिळतो आणि छातीत कफ साचतो. तसं होऊ नये म्हणून डॉक्टर पाठीच्या मणक्यांमधून एक बारीक नळी आत सोडून ठेवत आणि तिच्यातून पोट बधिर करणारं औषध देत. नळी सोडायची जागा सापडेपर्यंत सुईच्या मागे मी असे. सुई जराशी पुढे, की दट्ट्या दाबून बघायचा. अजून अडतंय, अजून अडतंय. नेमकी जागा आली की तो हलकेच सुटतो. त्याच्यापुढे कणभर गेलं तरी घोटाळा. थोडक्यात काय, प्रत्येक थरावर संशय घेणं हेच माझं काम.

ही गोष्ट २००५ च्या हिवाळ्यातली. त्या वर्षांत आमच्या कापसाच्या मुलखात कुणाचा कशावर विश्वास उरला नव्हता. बियाणं बोगस निघे, फवारणीच्या डब्यात पाणी निघे. डोमाजी दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, गाड्यांतला कापूस तपासत. वजन वाढावं म्हणून लोक आतल्या कापसावर पाणी मारत आणि डोमाजी कोपरापर्यंत हात खुपसून ते ओळखत. त्यांच्या बायकोच्या, तुळसाबाईंच्या आतड्याला पीळ पडला आणि त्यांना आमच्याकडे आणलं.

डोमाजींनी आधी औषधाची एक रिकामी बाटली मागून घेतली. तारीख वाचली, मग बाटली नाकाला लावली.

“डॉक्टरबाई, याले तं वासच नाई. पानी तं नाई हे?”

“फवारणीचं औषध नाही हो ते.”

“आन पोट दुखून राह्यलं, मंग सुई पाठीत काहून? आमच्या गावात एका बाईले अशीच मारली, दहा वर्सं झाले, कंबर धरूनच बसते.”

रजनी डॉक्टरांना घाई होती. “सही करा, उशीर होतोय,” एवढंच त्या म्हणाल्या. डोमाजींनी सही केली, पण मन काही साफ झालं नाही. खरं सांगते, मला तो माणूस आवडला.

दट्ट्या सुटला, नळी आत गेली, ऑपरेशन झालं. वॉर्डातलं पुढचं मला सिस्टर मितालीच्या तोंडून कळलं. मला धुताना ती दुसरीला सांगत होती.

पहिला दिवस बरा गेला. तुळसाबाई दुखत नाही म्हणाल्या, तर डोमाजींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढं पोट चिरलं आणि दुखत नाही, म्हणजे ऑपरेशन केलं तरी का यांनी? दुसऱ्या दिवशी मात्र दुखणं उसळलं. नळीतून दोनदा औषध दिलं, फरक शून्य. तुळसाबाई ओठ दाबून पडून होत्या, छातीत खरखर सुरू झाली होती. मिताली म्हणाली, काही बायका नाजूकच असतात. तेव्हा डोमाजी उठले आणि त्यांनी बायकोच्या पाठीखाली हात खुपसला.

“सिस्टर, हे ओलं हाय. घाम नोहे हा. घाम चिकट असते.”

कुशीवर वळवून बघितलं तर नळी सरकून बाहेर आलेली. सगळं औषध गादीला चाललं होतं. गादी बधिर आणि बाई तशीच.

रजनी डॉक्टर धावत आल्या, मागोमाग ट्रेमध्ये मी. त्यांचा चेहरा उतरला होता. “चूक आमची आहे,” त्या म्हणाल्या. “नळी धरून ठेवणारी पट्टी कुणी तपासली नाही, आणि तुमचं म्हणणं मी ऐकून घेतलं नाही. नळी पुन्हा घालावी लागेल.” आणि त्यांनी कागद डोमाजींपुढे धरला.

“एकदा गळली, दुसऱ्यांदा गळनार नाई कशावरून? नको. थे सोशीन तशीच.”

खाटेवरून तुळसाबाईंचा आवाज आला, श्वास जपून काढलेला. “पोट कोनाचं चिरलं? दोन दिवस झाले, तुमी त्यायले इचारता, त्या तुमाले इचारतात. मले कोनीच इचारलं नाई. आना तो कागद इकडं.”

मग रजनी डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या. मला हातात घेऊन त्यांनी दट्ट्या दाबून दाखवला, धोका काय आणि किती तेही सांगितलं.

“पाय हालतीन ना माये?” तुळसाबाईंनी विचारलं.

“हलतील. जड वाटले तर लगेच सांगायचं.”

तुळसाबाईंनी स्वतः सही केली. त्या दिवसाइतकी भीती मला कधी वाटली नव्हती. दट्ट्या सुटला तेव्हा मलाच हायसं वाटलं. अर्ध्या तासाने तुळसाबाईंनी उशी पोटाशी धरली आणि त्या खोकल्या, भरपूर खोकल्या. डोमाजी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

आता प्लास्टिकच्या सिरिंजा आल्यात आणि मी कपाटात पडून असते. मला जपा असं काही मी म्हणणार नाही. मित्रांनो, संशय जरूर घ्या, तपासा, खोदून विचारा. पण घरात कुणी खाटेवर असेल तर आधी त्याच्याजवळ बसा, कुठं दुखतं ते त्यालाच विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत थांबा.